देवाचा उजवा खांदा

बबनभाऊजींचं तुटकं बोट उजव्या हाताला होतं. गुरुवारी दुपारी, दोन पेशंटांच्या मधल्या फुरसतीत, एक्स-रेच्या खोलीत स्टुलावर बसून मी मोबाइलवर गावच्या कौलाचा तो व्हिडिओ दहाव्यांदा की अकराव्यांदा बघत होते, आणि माझं लक्ष त्या बोटावर गेलं आणि तिथंच अडकलं. कारण ते बोट डाव्या हाताचं आहे. मला माहीत नाही तर कुणाला माहीत असणार? सात वर्षांपूर्वी गावाला कोयत्यानं पेर उडालं तेव्हा भाऊजी, माझे धाकटे दीर, इकडे आले होते, आणि याच खोलीत, याच टेबलावर त्यांचा पंजा ठेवून मीच फोटो काढला होता. डावी तर्जनी, वरचं पेर नाही. शेजारी, फिल्मवर डावी बाजू उमटावी म्हणून ठेवतात ते शिशाचं अक्षर मी माझ्या हातानं ठेवलं होतं. आणि आता व्हिडिओच्या शेवटी भाऊजी फोन बंद करायला पुढे येतात, हात लांब करतात, तो हात उजवा आहे आणि त्याच्या तर्जनीला पेर नाही. म्हणजे व्हिडिओ उलटा आहे, आरशात दिसतो तसा. म्हणजे जो देवाचा डावा खांदा आम्ही समजलो तो देवाचा उजवा. म्हणजे देव हो म्हणाला. बाहेरून बर्नडेटनं विचारलं, गुडघा हाय एक, धाडू का? मी म्हटलं धाड, आणि मोबाइल पालथा ठेवला.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटेल बाईचं डोकं फिरलं. लवू माझा नवरा. तोंडावर मी अहो म्हणते, मनात लवूच म्हणते. सत्तावीस वर्षं झाली, मनातलं त्याला कुठे ऐकू जातंय. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे, आणि गेले चार महिने त्याच्या डोक्यात एकच विषय होता, रो-हाऊस. काशीमिऱ्याच्या पुढे, चेण्याच्या अंगाला, बत्तीस घरांची एक ओळ उभी राहतेय. खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची, पुढे एक स्कूटर आणि एक तुळस मावेल एवढी फरशी, आणि स्वतःचं दार. या दाराचं लवूला इतकं कौतुक की तो घर बघायला जायचा आणि दार बघून यायचा. मेट्रो स्टेशन सात मिनिटांवर, असं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं. ती सात मिनिटं नीरजची. नीरज म्हणजे त्यांचा एजंट, वय सव्वीस, पायात पांढरेशुभ्र बूट. मी माझ्या गुडघ्यांनिशी चालून बघितलं, एकोणीस मिनिटं लागली, त्यातली पाच नुसता हायवे ओलांडायला. किंमत एक कोटी सत्तर लाख. आमची तिसऱ्या मजल्यावरची वन-बीएचके विकायची, गावच्या हिश्श्यातली आंब्याची कलमं भाऊजींना द्यायची आणि उरलेल्या रकमेचं कर्ज मुलीच्या, दिव्याच्या नावावर काढायचं, कारण लवू चोपन्नचा, मी एकोणपन्नासची, आम्हाला बँक कशाला उभं करतेय. नीरज म्हणायचा, काका, मेट्रो पूर्ण झाली ना, की याचेच सव्वादोन होणार, लिहून घ्या. लवू मान डोलवायचा. मी घरी आल्यावर विचारायचे, सव्वादोन झाले तर विकणार आहात का? आपण राहायला घेतोय की विकायला? तो म्हणायचा, तुझं आपलं काहीतरीच.

पण नको असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हणायला जीभ वळली नाही. लवू सतरा वर्षांचा असताना लांज्याच्या पुढच्या आमच्या गावाहून मुंबईला आला तो गावकऱ्यांच्या खोलीत. नऊ जण, नऊ ट्रंका, आणि जो शेवटी आला त्याची जागा दाराजवळ. पाच वर्षं तो दाराजवळ झोपला. दुसऱ्या पाळीहून येणारा प्रत्येक जण त्याला ओलांडून आत जायचा, कुणी अंधारात पायावर पाय द्यायचा, वर म्हणायचा, लवू, दारातनं बाजूला हो रे. हे त्यानं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी हसत हसत सांगितलं होतं. मी तेव्हा हसले नव्हते. आता त्या माणसाला एक दार दिसलं होतं, जे फक्त त्याचं, जे उघडलं की थेट आभाळ, आणि मी त्याला म्हणू की मला जिना नको? आतला जिना सतरा पायऱ्यांचा आहे. पहिल्या दिवशी नीरज पुढे आणि मी कठडा धरून मागे, तेव्हा मोजल्या. स्वयंपाकघर खाली, झोपायचं वर, कपडे वाळत घालायचे गच्चीवर. माझ्या गुडघ्यांचा फोटो मी स्वतःच काढलेला आहे, मागच्या दिवाळीत, मशीन रिकामं होतं म्हणून. दोन हाडांच्या मधली फट कागद सरकेल एवढी उरलीय. आताच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, हे खरं. पण तीन मजले दिवसातून एकदा उतरायचे आणि एकदा चढायचे. तिथं मीठ खाली राहिलं म्हणून सतरा आणि टॉवेल वर राहिला म्हणून सतरा. शिवाय दिव्याचं कर्ज. तिची अंधेरीची नोकरी आणि मेट्रो यांची सांगड लवूनंच घातली होती. ती बिचारी म्हणत होती, पप्पा, मी उद्या बेंगळुरूला गेले तर? लवूला ते ऐकूच यायचं नाही. चार महिने मी त्याच्याबरोबर घरं बघितली, नळ सोडून बघितले, खिडक्या सरकवल्या, छान आहे म्हटलं. मला भीती वाटत होती. सरळ सांगायचं तर हेच.

आणि भीती जिन्याची नव्हतीच नुसती. आमच्या भाईंदरच्या घरात भिंती अशा आहेत की शेजारच्या हंसाबेननी डाळीला फोडणी दिली की मला ठसका लागतो. लवू या भिंतींना शिव्या घालतो. त्यांचा टीव्ही, त्यांची आरती, त्यांच्या सुनेची भांडणं, सगळं आपल्या हॉलमध्ये. पण तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी लवू सुट्टी घेऊन घरी एकटाच होता, मी ड्युटीवर, दिव्या कॉलेजात. अकरा वाजता त्याच्या छातीत कळ आली. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला. हाक मारायला आवाज फुटेना. पडता पडता त्यानं ओट्यावरचं मोठं पातेलं खाली ओढलं, त्याच्याच कारखान्याचं, जाड बुडाचं, आणि तो आवाज भिंतीतून पलीकडे गेला. हंसाबेन ओरडल्या, लवूभाई, शुं थयुं? उत्तर नाही म्हटल्यावर त्या पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या, त्यांच्या मुलानं आणि खालच्या शिंप्यानं दाराची कडी तोडली, लवूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि तीन मजले उतरवलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीला पिठाची बोटं उमटलेली होती. तेव्हापासून हंसाबेनचा एक नेम आहे. रोज सकाळी पोळ्या झाल्या की, रविवारीसुद्धा, त्या लाटण्यानं भिंतीवर दोनदा ठोकतात. लवू घरी असला की वाटी घेऊन दोनदा उत्तर देतो. कुरकुरत देतो, पण देतो. त्या रो-हाऊसच्या भिंती नऊ इंची. नीरजनं अभिमानानं थाप मारून दाखवली होती, काका, पलीकडे बँड वाजवा, इकडे कळणार नाही. मी त्या भिंतीवर हात ठेवला होता. गार होती.

मग लवूच म्हणाला, देवाला विचारू. आमच्याकडे विहीर खणायची, मुलगी द्यायची, घर बांधायचं तर कौल लावतात. देवाच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरव गाऱ्हाणं घालतो, बा म्हाराजा, तुझी लेकरं अमकं करतायत, बरं असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे, आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात कुठली पाकळी आधी सुटते. उजवा म्हणजे देवाचा उजवा, आपण समोर उभे म्हणून आपल्याला तो डावीकडे दिसतो. माझ्या फिल्ममध्येही तसंच असतं, पेशंटचा उजवा माझ्या डावीकडे. त्यामुळे लग्न होऊन गेल्यावर पहिल्याच कौलात मला हे समजलं होतं आणि सासूबाई खूश झाल्या होत्या. लवूला सुट्टी मिळेना, म्हणून भाऊजींना सांगितलं. त्यांनी पायरीवर नारळाला टेकून मोबाइल उभा केला, आणि देवाशेजारी उभं राहून देव चौकटीत नीट येतोय का ते दिसावं म्हणून स्क्रीन आपल्याकडे ठेवली, म्हणजे पुढचा कॅमेरा. त्यांच्या फोनला खोड आहे, पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेलं सगळं तो उलटं ठेवतो. देवळात दोन्हीकडे सारख्याच समया, सारखेच खांब, कुणाला काय कळणार. त्या रविवारी व्हिडिओ आला. विठू गुरवाचं पुटपुटणं, घंटा, आणि आमच्या उजव्या हाताची पाकळी अलगद सुटून खाली. लवूनं मोबाइल ठेवला आणि म्हणाला, डावा. भावाला लिहिलं, बघितलं, देवाची मर्जी. बस्स, तेवढंच. मग दाढी करून येतो म्हणून खाली गेला तो दीड तासानं आला.

आणि मी? मी काय केलं असेल? मी बादली घेतली आणि खिडकीचे गज पुसले. चार महिने पुसले नव्हते, म्हटलं आता येणारा पुसेल. गजागजामधली काळी धूळ फडक्याला लागत होती आणि मला इतकं हलकं वाटत होतं की खालचा भंगारवाला दिसला तर त्यालाही हात करावा. नंतरच्या चार दिवसांत मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, लहानपणी आवळासुपारी गालात धरून ठेवायचे तसा. पाकळी पडायची आणि माझं घर माझ्याकडे परत यायचं. आणि अकराव्यांदा ते बोट दिसलं.

गुरुवारी त्या गुडघ्याचा फोटो मी तीनदा काढला. बर्नडेट आत आली, तुला बरं न्हाय का गं? ती आमच्या रिसेप्शनला असते, तारोडीची, रोज उत्तनकडून बसनं येते. तिचं घर स्वतःचं, पुढे अंगण, दारातून समुद्र दिसतो. मी तिला खरं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, आपलं दार आपलं असणं हे कसं असतं? ती हसली. म्हणाली, दार आपला तर वाळू बी आपली, रोज झाडायची. आणि तिचा मुलगा जेसन मिरा रोडला लिफ्टवाला फ्लॅट बघतोय, रोज भांडतो. तिला पुढे विचारलं, तू जाशील? तिनं टेबलावरची फाइल उचलली. मग म्हणाली, न्हाय, पण त्याला मी न्हाय म्हणून सांगितला हाय, तोंडावर. एवढं बोलून ती फाइल घेऊन गेली आणि मी तिथंच उभी राहिले. तोंडावर. मला सत्तावीस वर्षांत जमलं नाही ते.

गप्प बसणं सोपं होतं, हे मला त्या तीन दिवसांत कळलं. घर धरून ठेवायला नीरजला दिलेली टोकनची रक्कम, रविवारपर्यंत नको म्हणून सांगितलं तर परत मिळणार होती, नंतर नाही. लवूनं नीरजला अजून फोन केला नव्हता. सांगतो, सांगतो, म्हणायचा. मला वाटायचं, याचा जीव अजून त्या दारात आहे, एक शब्द बोलले की हा चप्पल घालून सुटेल. रविवार सरू दे. सरला की झालं. देव काही येऊन सांगणार नाही, भाऊजींचा फोन महिन्यातून एकदा. पण मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीचा तो म्हातारा आठवायचा. खुब्याचा फोटो होता, मी घाईत उजव्या पायाशी डाव्याचं अक्षर ठेवलं. काही नाही, एवढंसं शिशाचं अक्षर. डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडावर धरली, म्हाताऱ्याकडे बघितलं, तो लंगडत होता तो पाय बघितला, आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, याच्या चांगल्या पायाला सुरी लागली असती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी डावं-उजवं दोनदा बघितल्याशिवाय काही पुढे पाठवत नाही. आणि आता मला ठाऊक होतं की फिल्मवर चुकीचं अक्षर आहे, आणि ती माझ्या सोयीची आहे म्हणून मी ती पाकिटात घालून देत होते. तीही माझ्याच नवऱ्याला. शनिवारी भाजी चिरताना मला माझाच राग आला. घर नको होतं तर नको म्हणायचं होतं, उर्मिला. देवाला कशाला कामाला लावलंस?

रविवारी सकाळी दिव्या मैत्रिणीकडे गेली. लवू हॉलमध्ये खुर्चीत बसून नखं काढत होता, खाली वर्तमानपत्र पसरलेलं. मी ओले हात पदराला पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो, तो कौल डावा नव्हता."

त्यानं वर बघितलं. मी मोबाइल पुढे केला, शेवटच्या क्षणावर थांबवलेला. "भाऊजींचं बोट बघा."

तो बघत राहिला. मग त्यानं स्वतःचा डावा हात वर केला, तर्जनी दुमडली, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा हाताकडे बघितलं. भांड्याचा काठ तपासताना बघतो तसा. त्यानं भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. रेंज होती, नेमकी त्या दिवशी होती. भाऊजी म्हणाले, उजवाच की दादा, चांगला दणदणीत, मी वाडीत सांगून पण टाकलं, वहिनींना सांगा वास्तुशांतीला आम्ही सगळे येतोय. लवू बरं म्हणाला आणि फोन ठेवला. तेवढ्यात भिंतीवर हंसाबेनचं लाटणं दोनदा वाजलं. आमच्यापैकी कुणीच हललं नाही.

मला वाटलं, आता हा नीरजला फोन लावणार. थांबले तर पुन्हा सत्तावीस वर्षं जातील असं वाटलं, म्हणून मी बोलून टाकलं. "मला गुरुवारी कळलं. तीन दिवस मी मुद्दाम गप्प बसले. मला ते घर नको. जिना नको, ती भिंत नको, पोरीच्या डोक्यावर कर्ज नको. तुम्हाला दार पाहिजे हे मला माहितीय, म्हणून बोलले नाही. पण आता देवाच्या आड लपून नाही सांगायचं मला. मीच सांगतेय."

लवूनं नखांचा कागद नीट गोळा केला, घडी घातली, बाजूला ठेवला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "त्या रविवारी तू गज पुसलेस."

"हो."

"मी खाली गेलो होतो."

"दाढीला."

"दाढी दहा मिनिटांत झाली. मग स्टेशनजवळ गेलो आणि दोन वडापाव खाल्ले. उभ्या उभ्या. चार महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली होती."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हृदयात स्टेंट घातलेला माणूस. तेलाची बाटली मी डोळ्यात तेल घालून मोजते त्या घरातला माणूस. "दोन?" मी म्हटलं. इतकं सगळं बाजूला राहिलं आणि माझ्या तोंडून तेवढंच बाहेर पडलं.

तो हसला. मान खाली घालून, चोरी पकडल्यासारखा. मग हळूहळू सांगत गेला, मध्येच थांबत. दार त्याला आवडतंच, अजून आवडतं. पण गच्चीवर उभं राहून तो खाली बघायचा तेव्हा त्याला हप्त्यांचे आकडेच दिसायचे, तो पंच्याहत्तर वर्षांचा होईपर्यंतचे. नीरजसमोर एवढा नाचला होता, भावाला सांगितलं होतं, कारखान्यात पेढ्यांचं बोलणं झालं होतं, आता नाही कसं म्हणायचं. आणि मी प्रत्येक वेळी छान आहे, छान आहे म्हणत होते. त्याला वाटलं, हिला हवंय. आयुष्यभर हिनं काही मागितलं नाही, आता एक घर मनात भरलंय तर मी मागे कसा हटू? नीरजला फोन का नाही केला, तर लाज वाटत होती, इतके चहा प्यायलो त्याचे. "घर चांगलं आहे, उर्मिला," तो म्हणाला. "भाव आपला नाही. सात मिनिटांसाठी आपण एवढं मोजायचं, आणि सात मिनिटांवर जायचंय कुणाला?"

मी खाली बसले. जमिनीवरच, गुडघे कसे वाकले कळलंच नाही. चार महिने आम्ही दोघं एकमेकांसाठी एक नको असलेलं घर विकत घेत होतो. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि हसू पुढे निघालं. मी म्हटलं, पण देव हो म्हणाला त्याचं काय? भाऊजींनी वाडीत सांगितलंय. लवूनं विचार केला, खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, देवानं परवानगी दिली, हुकूम थोडाच केला. मे महिन्यात जाऊ, नारळ ठेवू, सांगू की बा म्हाराजा, तुझी कृपा आहे, पण आम्हाला झेपणार नाही. मी विचारलं, सांगणार कोण? तो म्हणाला, "तूच सांग. डावं-उजवं तुला जास्त कळतं." त्यावर मी जे हसले ते मला थांबवताच येईना, पदर तोंडात कोंबला तरी.

भिंतीवर पुन्हा ठोकलं. या वेळी चारदा, जोरात, आणि पाठोपाठ हंसाबेनचा आवाज, लवूभाई? भाभी? सब ठीक छे ने? लवू उठला, स्वयंपाकघरात गेला, मांडणीवरची वाटी घेऊन आला आणि भिंतीवर दोनदा वाजवली. मग चष्मा लावला आणि नीरजचा नंबर शोधायला लागला.